निवडुंगाचा टाईप

९ जानेवारी १९४४, बेळगाव

नवी वही. कोल्हापूरला आम्हाला शिकवणाऱ्या बाई म्हणत, वही कोणाची, कुठली आणि कशासाठी हे पहिल्या पानावर लिहावं. तर: प्रेमला, मूळची निपाणीची, सध्या मुक्काम नेमिनाथमामांकडे, त्यांच्याच छापखान्यात जुळारी. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचं काम रीतसर तीन वर्षं शिकले आहे. मुलीने हे शिकावं का, यावर घरात जेवढं बोलायचं तेवढं बोलून झालं आहे. वही कामाच्या नोंदींसाठी.

आज खिडकीखालची खिळ्यांची बंद पेटी, म्हणजे केस, उघडली. आत ओल्ड इंग्लिश टाईप निघाला, मोठ्या मापाचा, शीर्षकापुरता. चर्चचा छापखाना मोडला तेव्हा मामांनी पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनबरोबर घेतला होता. तेव्हापासून कोणी हात लावलेला नाही. दुपार झुरळांची घाण काढण्यात गेली. आमचे जुने जुळारी नागोजी या टाईपला निवडुंग म्हणतात, कारण प्रत्येक अक्षराला वर आणि खाली काटा आहे. नाव बरोबर आहे.

१२ जानेवारी

निवडुंगाचं प्रूफ काढून पाहिलं. उभ्या रेघा जाड, एकमेकींना खेटून. आत पांढरं इतकं थोडं की कागदावर मजकूर दिसण्याआधी काळेपणा दिसतो. एम, एन, यू शेजारी आले की कुंपणाच्या मेढी. मोठी अक्षरं नक्षीची आहेत, एकेकटी उभी केली तर शोभतात. पण अख्खा शब्द मोठ्या अक्षरांत लावला तर इंग्रजालासुद्धा लागणार नाही. अक्षरांमध्ये फट सोडायची नाही, ओळ लांब करायची नाही. पदवीचा कागद, वर्तमानपत्राचं नाव, कराराचा पहिला शब्द, प्रार्थनेच्या पुस्तकाचं पहिलं पान, एवढ्यासाठी हा टाईप आहे. वाचण्याआधीच कागदाने मान मिळवायचा असेल तिथे तो लावावा.

मोठा आर तीनच आहेत. त्यातल्या एकाचा पाय तुटका. तो रवळूने पाडला. रवळू इथे ट्रेडल चालवायचा, जवळच्या काकती गावचा. दीड वर्षापूर्वी पलटणीत भरती झाला. जायच्या आदल्या दिवशी विचारत होता, "प्रेमलाबाई, माझं नाव ह्या काटेरीत कशानं सुरू हुतंय?" मी हीच केस थोडी ओढून आर काढून दिला. त्याने शाई लावून तो तळहातावर उठवला, हात उजेडात धरला, आणि खिळा फरशीवर पडला. म्हणजे 'कोणी हात लावलेला नाही' हे वर चुकीचं लिहिलं गेलं.

तुटका खिळा वितळवण्याच्या डब्यात टाकायला हवा होता. राहून गेला.

२१ जानेवारी

छावणीतून काम आलं. ज्या घरांनी पलटणीला मुलगा दिला त्या घरांना द्यायचं सन्मानपत्र, सगळं इंग्रजीत. मुलाचं नाव त्यांचे कारकून पेनने घालणार. हेडक्लार्क यल्लाप्पा मामांशी कानडीत बोलत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. मी दोन प्रूफं काढून ठेवली, एक साध्या रोमनमध्ये, एक निवडुंगात, पहिलं अक्षर लाल शाईत. त्यांनी निवडुंगाचं उचललं. साहेबांना फार आवडल्याचं संध्याकाळी कळवलं. कोल्हापूर सोडल्यापासून माझ्या हातून इतकं नेटकं काम झालं नव्हतं.

आर लावताना तुटकाच लागला. हाताला तो आधी आला.

१२ फेब्रुवारी

रवळूचं कार्ड. तो छापखान्याच्या पत्त्यावर लिहितो, कारण त्याच्या आईला, शालूबाईंना, वाचता येत नाही. गावाचं नाव सेन्सॉरने काळं केलं आहे. थंडी फार, जेवण बरं, डोंगर आपल्या डोंगरांसारखे नाहीत. शेवटी: डाव्या रोलरला जास्त शाई धरते, प्रेमलाबाईंना सांगा, गुंडूला म्हणावं आधी कापडाने पूस.

हल्ली ट्रेडलवर गुंडू असतो. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तिकडं बसून हितला रोलर दिसतोय व्हय त्याला?" रोलर पाहिला. जास्त शाई धरत होता.

शनिवारी बाजाराला आल्या की शालूबाई कार्ड वाचून घ्यायला येतात. आज आल्या. कार्ड हातात घेतल्यावर त्या आधी त्याचे चारी कोपरे चाचपतात. आपल्याकडे वाईट बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात, म्हणजे न वाचता येणाऱ्यालाही हातात घेताच कळावं. कोपरे शाबूत आहेत असं पटलं की मग म्हणतात, "हां. आता वाच." आज दोनदा वाचायला लावलं. त्याच्या लग्नाचं बघायचं आहे, असंही म्हणाल्या.

२ मार्च

रवळू गेल्याची बातमी काकतीहून आली. गुंडूने आणली.

दोन फर्मे छापून झाले. डावा रोलर पुसला.

३ मार्च

निपाणीहून माझ्या वडिलांचा, आप्पांचा निरोप, चिकोडीचं एक स्थळ आहे, तंबाखूचे व्यापारी, मुलगा शिकलेला. नको म्हणून कळवलं. कारण विशेष नाही.

गॅलीत, जुळवलेल्या ओळींच्या तबकात, एक पूर्ण ओळ उलटी लावली होती. नागोजींनी सरळ केली.

४ मार्च

जे घडलं ते क्रमाने लिहिते.

सकाळी काकतीचे भरमू, शालूबाईंचे दीर, एक गुंडाळलेला कागद घेऊन आले. डोक्याला मुंडासं नव्हतं. म्हणाले, पाटलाच्या माणसाने हा दिला; शाळेच्या मास्तरांना थोडं इंग्रजी येतं, पण त्यांना रवळूचं नाव तेवढं लागलं, ही अक्षरं लागेनात; पेन्शनचं काही लिहिलं असेल तर वाचून सांगा.

कागद उलगडला. माझं सन्मानपत्र. आरचा पाय तुटका.

मी म्हणाले, यात गेल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. भरमू म्हणाले, "आक्का, न्हाय कसं? मागच्या लढाईत आमच्या चुलत्याचा कागद आलता, त्यो अजून भिंतीला हाय. हीच अक्षरं. छावणीत गोऱ्यांची थडगी हायत, मी तितं गवत कापतो. दगडावर हीच अक्षरं." शालूबाईंनी कागद पाहताच हंबरडा फोडला होता. चूल बंद होती. घरातल्या पुरुषांनी केस उतरवले होते. भरमूंच्या डोक्याकडे मी तेव्हा नीट पाहिलं.

मामा आणि मी टांग्याने काकतीला गेलो. वाटेत मामा म्हणाले, तूच सांग, तूच जुळवलंयस. शालूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. गाव भोवती. मी कागद धरून ओळ न् ओळ मराठीत सांगितली. एक म्हातारा म्हणाला, बाई धीर द्यायला खोटं बोलती. मग शालूबाईंनी माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं आणि विचारलं, "माज्याकडं बघून सांग. ही अक्षरं मढ्याची न्हवं?"

मी म्हणाले, "नव्हेत, मावशी. ही मानाची अक्षरं आहेत."

त्या हसल्या की रडल्या, मला सांगता येणार नाही. भरमूंच्या पाठीत गुद्दा घातला आणि म्हणाल्या, "मेल्या, फुकट डोस्कं भादरून आलास." मग सगळेच हसायला लागले. चूल पेटली. आम्हाला भाकरी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही.

परत येताना ऊन होतं. डोळे चुरचुरत होते.

५ मार्च

काल सांगितलेलं वाक्य पुन्हा तपासलं. ते पूर्ण बरोबर नव्हतं. या टाईपचे उपयोग अनेक आहेत, आणि थडग्याचा दगड हा त्यांतलाच एक. तसं सांगायला हवं होतं. पण तिथे तसं सांगण्याजोगी जागा नव्हती.

१८ मार्च

रवळूचं कार्ड. तारीख त्याच्या सुतकाच्या आधीची. त्याला काही माहीत नाही. त्याने विचारलं आहे, निवडुंगाची केस उघडी आहे की बंद? उघडी आहे असं कळवलं. बाकीचा मजकूर मामांनी घातला.

शालूबाईंनी सन्मानपत्राला काच घालून घेतली. देवाजवळ लावलंय म्हणाल्या. गावातल्या आणखी दोन घरांनीही तसंच केलं, कारण छापखान्यातली बाई स्वतः येऊन सांगून गेली.

२४ एप्रिल

छावणीतून दुसरं काम. पलटणीतला माणूस कामी आला की घरी पाठवायचं शोकपत्र. नाव पेनने. खाली टीप: अक्षर मागच्या कामासारखंच असावं.

मी यल्लाप्पांना बसायला सांगितलं आणि मार्चमध्ये काकतीत काय झालं ते सांगितलं. गावात आता ही अक्षरं मानाची म्हणून बसली आहेत, तीच अक्षरं शोकपत्रावर जाऊ नयेत. साध्या रोमनमध्ये प्रूफ तयार आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेबांचा हुकूम आहे बाई. त्यांच्याकडं लग्नालाही हेच अक्षर, मयतालाही हेच. तुम्ही नवीन रीत काढू नका."

मी म्हणाले, निदान मजकूर मराठीत आणि कानडीत खाली छापू. ते म्हणाले, राजाच्या नावाचा कागद, तो इंग्रजीतच राहणार. मग मी शेवटचं मागितलं. छापून झाल्यावर कटिंग मशीनवर सगळ्या गठ्ठ्याचा एक कोपरा उतरवून देते, एका दाबाचं काम आहे. घरातल्या कोणालाही, न वाचता, कळेल.

यल्लाप्पा पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "राजाची मुद्रा असलेला कागद फाटका पाठवायचा? माझी नोकरी जाईल आणि तुमच्या मामांचा छापखाना."

ते गेल्यावर मामांना म्हटलं, हे काम सोडू या. मामा म्हणाले, सरकारी काम आहे म्हणून सरकारी कागद मिळतो. उद्या कागद थांबला तर नागोजींना काय जुळवायला देऊ?

२७ एप्रिल

एक मार्ग काढला. जाड रूळ, म्हणजे रेघ उठवायच्या पट्ट्या, लावून कागदाला चारी बाजूंनी काळी चौकट घातली. इंग्रजांच्यात शोकाच्या कागदाला ती असतेच, त्यामुळे यल्लाप्पा हरकत घेऊ शकले नाहीत. सन्मानपत्राला चौकट नव्हती. आता दोन कागद शेजारी ठेवले तर फरक लांबून दिसतो. कोपरे अचूक जुळले आहेत, कुठेही फट नाही. नागोजी म्हणाले, "लई देखणं झालंय गं." देखणं व्हायला नको होतं.

खेदाच्या इंग्रजी शब्दाचं, रिग्रेटचं, पहिलं अक्षर आर. मोठ्या अक्षरांतले बाकीचे दोन आर छापखान्याच्या दुसऱ्या कामात अडकले आहेत. तुटका लावला.

२९ मे

कार्ड नाही. एप्रिलमध्येही नव्हतं. लढाईमुळे टपालाला उशीर होतो.

शालूबाई शनिवारी आल्या होत्या. कार्ड नाही म्हटल्यावर जुनंच वाच म्हणाल्या. वाचलं.

१७ जून

कार्ड नाही. टपालाला उशीर होतो.

छावणीचे कारकून शोकपत्रांचे पहिले गठ्ठे घेऊन गेले होते, तेही संपत आल्याचं गुंडू ऐकून आला.

८ जुलै

आज बाजाराचा दिवस. पाऊस होता. शालूबाई इरलं बाहेर ठेवून आत आल्या. पदरात गूळ-खोबरं. नागोजींना दिलं, गुंडूला दिलं, माझ्या हातावर ठेवलं. मग पोटाशी धरलेली, केळीच्या पानात गुंडाळलेली सुरळी काढली. म्हणाल्या, "दुसरं बी आलं. पयल्यापरीस मोठ्या मानाचं हाय जणू. ह्या टायमाला सरकारनं चौकट बी छापूनच दिलीया बघ."

मी कागद केसवर पसरला. नाव कारकुनाने स्वच्छ घातलं होतं. रवळूचंच. खाली तारीख, मे महिन्यातली.

त्या म्हणाल्या, "वाच की."

मला मराठीतला पहिला शब्द मिळाला नाही. मी इंग्रजी वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, जसं छापलं होतं तसं, सगळं. त्या हात जोडून ऐकत होत्या. आरती चालली असावी तशा मान हलवत होत्या. नागोजींना इंग्रजी येत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातातली खिळे जुळवायची स्टिक खाली ठेवली. गुंडूचा पाय ट्रेडलवर थांबला. मशीन आपल्याच जोराने एकदा फिरून थांबलं.

"लई गोड वाचतीस," शालूबाई म्हणाल्या. "काच घालून ठेव. पुढच्या शनवारी नेती." काकतीची गाडी सुटायची होती, म्हणून थांबल्या नाहीत.

मामा आले तेव्हा मी त्यांना कागद दाखवला. उद्या जायचं ठरलं.

नंतर मी कागद कटिंग मशीनखाली धरला. वरचा उजवा कोपरा, पात्याच्या बरोबर खाली. दांडा ओढला नाही. कागद माझा नव्हता.

९ जुलै

काकती. मामांनी सुरुवात केली आणि त्यांना पुढे बोलता आलं नाही. म्हणून मी सांगितलं. या वेळी मराठीत, एका वाक्यात. रवळू मे महिन्यात लढाईत गेला, या कागदात तसं लिहिलं आहे.

शालूबाई तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवलं नाही. म्हणाल्या, "काल न्हाय सांगितलंस ते?"

मी म्हणाले, काल माझ्याने झालं नाही.

"मागच्या टायमाला समदा गाव रडत हुता. तू आलीस, तू एकली जिता हाय म्हणालीस. खरं निघालं. तुजंच ऐकून मी ती अक्षरं देवाजवळ लावली. आता गाव गप हाय, आन् तू म्हणतीस गेला."

"मावशी, दोन्ही कागद वेगळे आहेत. याला काळी चौकट आहे."

"ती मी बघितली," त्या म्हणाल्या. त्यांनी कागद मागून घेतला, हात लुगड्याला पुसले, आणि एकेक कोपरा बोटांनी चाचपला. वरचे दोन, मग खालचे दोन. घाई केली नाही. मग कागद माझ्यासमोर धरला.

"कोपरा कुटं फाटलाय दाव मला. चारी साबूत हायत."

मी दाखवू शकले नाही. कोपरे खरोखरच शाबूत होते.

मामांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या त्यांना म्हणाल्या, "तुमी नगा रडू, दादा. पोरगी शिकली सवरली तरी चुकायची एकांद्या टायमाला." भरमू दारात उभे होते. त्यांना कळलं होतं. त्यांनी वाढलेल्या केसांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं, पण शालूबाईंसमोर बोलले नाहीत. निघताना शालूबाईंनी कागद पुन्हा गुंडाळून माझ्या हातात दिला. काच तेवढी चांगली घाल म्हणाल्या.

१३ जुलै

काच घातली. मागे खिळे न दिसतील असे ठोकले.

आप्पा निपाणीहून आले होते. चिकोडीचं स्थळ अजून थांबलं आहे म्हणाले. मी वाळली आहे असंही म्हणाले. मी काम जास्त आहे म्हणून सांगितलं, आणि ते खरं आहे.

१५ जुलै

शनिवार. शालूबाई आल्या, चौकट घेऊन गेल्या. जाताना विचारलं, "कार्ड?" नाही म्हटलं. "उशीर हुतोय," त्याच म्हणाल्या.

२२ जुलै

छावणीतून शोकपत्रांची पुन्हा मागणी, मागच्यापेक्षा जास्त. यल्लाप्पांचा निरोप आहे की जुळवून आवळलेला फर्मा मोडू नये, उभाच ठेवावा, म्हणजे हवं तेव्हा लगेच छापता येईल. त्यामुळे निवडुंगाचे बहुतेक खिळे त्यातच बांधलेले राहणार. केस जवळजवळ रिकामी आहे. तुटका आरही फर्म्यात आहे. बाकीचे दोन आता मोकळे झाले आहेत, तो बदलून चांगला लावता आला असता. फर्मा सोडून पुन्हा आवळावा लागला असता. बदलला नाही.

टपालाच्या वेळेला दारात उभी होते. आत शाईचा वास कोंडला होता. पोस्टमनने चार कार्डं दिली. सगळ्यांचे कोपरे शाबूत. दोन मामांना, एक नागोजींना, एक तंबाखूच्या वखारीचं, चुकून आमच्याकडे आलेलं. रवळूचं नव्हतं.

लढाई चालू आहे. टपालाला उशीर होतो.